दिघेसरांचे दोन मासे

दामोदर विनायक दिघे यांना चित्रकलेचे शिक्षक म्हणायचं, ते केवळ शाळेच्या मस्टरवर तसं लिहिलं होतं म्हणून. वर्गात ते चित्रं थोडी आणि भाषणं फार करत. मुलं टेबलावरचं मडकं कागदावर उतरवत असायची, आणि सर त्या मडक्याच्या मातीवरून नदीवर, नदीवरून काठच्या कोतरांवर, म्हणजे पुराचं पाणी पोटात घेणाऱ्या घळींवर, आणि तिथून थेट कोतरं बुजवून प्लॉट पाडणाऱ्या मंडळींवर घसरलेले असायचे. बडोद्याच्या फतेगंजमधल्या त्या शाळेत हे सगळ्यांना पाठ होतं. कंटाळा आला की मागच्या बाकावरून कुणीतरी साळसूदपणे विचारायचं, "सर, विश्वामित्रीत पूर्वी खरंच पोहता यायचं?" मग घंटा होईपर्यंत कुणाला पेन्सिल हातात धरावी लागत नसे.

दिघ्यांचं घराणं कचेरीतलं. आजोबा संस्थानच्या मोजणी खात्यात, वडील महसुलात. दामोदररावांनी कचेरी नको म्हणून रंग हातात घेतले आणि शेवटी रोज सकाळी मस्टरवर सही करू लागले, म्हणजे कचेरी काही त्यांनाही चुकली नाही. सुभानपुऱ्यात लहानसं घर, लूनाला अडकवलेली रंगांची पिशवी आणि कुणाला तरी फैलावर घ्यायला सदैव तयार असलेली जीभ. माणूस सज्जन होता. फक्त आपण सज्जन आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात विश्वामित्री फतेगंजच्या मागच्या सोसायट्यांत शिरली. त्यातल्या रेवाकुंज सोसायटीत सरांच्या थोरल्या बहिणीचं, शालिनीताईंचं, बैठं घर होतं. ओटल्यावर उभ्या माणसाच्या छातीला लागेल इतकं पाणी त्या गल्लीत चढलं. ताई आणि त्यांचा मुलगा आनंद शेजारच्या धनाजीरावांच्या गच्चीवर बसून राहिले. पाणी ओसरल्यावर सर मदतीला गेले, तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. घराघरात ढोपरभर गारा, नदीचा चिखल, साचला होता, गाद्या कुजत होत्या, आणि लोक आधी काय करत होते, तर भिंतीवर पाण्याने सोडलेली तपकिरी रेघ घासत होते. गारा आतला होता. रेघ बाहेरून दिसत होती.

सरांचं डोकं तिथे फिरलं, आणि त्यातून त्यांच्या आयुष्यातलं एकमेव मोठं काम उभं राहिलं. शाळेतली वरच्या वर्गांची मुलं घेऊन ते गल्लीगल्लीत फिरले. जिथे पाण्याची रेघ, तिथे दाराशेजारी एक मासा काढायचा. हातभर लांबीचा, निळा, पोटाखाली पांढरा, डोळा टक्क उघडा. रेघ पुसली जाते, चित्र पुसायला हात धजत नाही, असा सरांचा हिशेब. नदीची जागा आपण घेतली म्हणून ती आपल्या घरात आली, एवढं त्या माशाकडे बघून जरी कुणाच्या डोक्यात शिरलं तरी पुष्कळ झालं, असं ते म्हणत.

त्यांचे नियम कडक होते. मासा रेघेवरच हवा, बोटभर वर नाही की खाली नाही. रंग ऑइल पेंटच, म्हणजे पुढच्या पाण्याने जाता कामा नये. आणि ज्याने मासा काढला त्याने शेपटीखाली आपलं पूर्ण नाव घालायचं.

"नाव कशाला, सर?" दहावीतल्या नीराने विचारलं होतं. ही मुलगी माशांना पापण्या काढायची, आणि त्यावरून रोज बोलणी खायची.

"पाणी इथवर येतं असं तू लोकांना सांगते आहेस," सर म्हणाले. "उद्या ते खोटं निघालं, तर कुणी सांगितलं होतं ते कळायला नको?"

शालिनीताईंच्या दाराजवळचा मासा सरांनी स्वतः काढला आणि खाली ठसठशीत अक्षरात नाव घातलं. वर्तमानपत्रात फोटो आला. एका संस्थेने शाल दिली. सरांनी ती शाल कपाटात ठेवली आणि आलेल्यागेलेल्याला काढून दाखवली.

पण चित्रावर हात धजत नाही, हा हिशेब फारच भोळा होता. दिवाळी आली की बडोद्यात घरं रंगवतात. पहिल्या दिवाळीत दोन-चार मासे डिस्टेंपरखाली गेले, पुढच्या दिवाळीत आणखी काही. जमिनीचे भाव चढू लागले तसे मासे भराभर बुडू लागले. रेवाकुंजमध्ये सुरुवात धनाजीरावांनी केली. रिटायर झालेला, पापभिरू माणूस, पण मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी माशाबद्दल विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिंत पांढरी केली. सर लूना उभी करून रस्त्यातच त्यांच्यावर बरसले.

"धनाजीराव, तुम्ही भिंत नाही रंगवली. उद्या इथे राहायला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकलीत!"

सगळी गल्ली खिडक्यांतून ऐकत होती. धनाजीराव खाली मान घालून ब्रश धूत राहिले. सरांना त्या रात्री शांत झोप लागली असणार. दुसऱ्याचा कान धरल्यावर लागते तशी.

सहा वर्षांत रेवाकुंजमध्ये एकच मासा उरला, शालिनीताईंचा. सख्ख्या भावाने काढलेला, पुसणार कोण?

दोन हजार दोन साली ताईंनी घर विकायला काढलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, आनंद पुण्यात नोकरीला लागला होता, सून बाळंतपणाला टेकली होती. आदल्या वर्षीच्या भूकंपाच्या धक्क्यानंतर लोक उंच फ्लॅटना बिचकत होते आणि बैठ्या घरांना गिऱ्हाईक होतं. तरी ताईंचं घर जाईना. त्या वर्षीच्या भाऊबिजेला सर जेवायला गेले. पाट मांडला, ताईंनी ओवाळलं, आणि तबकात सरांनी पाकीट ठेवलं, ते त्यांनी तसंच परत सरकवलं.

"या वर्षी मला ओवाळणी नको, दामू."

"का गं? रागावलीस?"

"मग काय करू? गिऱ्हाइकं येतात. ओटल्यावर चढतात, तुझा मासा बघतात आणि 'पछी कहीशुं', नंतर सांगतो, म्हणून जातात. ते 'पछी' काही येत नाही ने रे. तिकडे पोरीचे दिवस भरत आलेत आणि मी इथे माशाची राखण करत बसले आहे."

सर पाटावर अवघडले. "पुसून टाक म्हणतेस?"

"पुसलास तर उलट बोभाटा होईल. दिघेसरांच्या बहिणीच्याच दारावर मासा नाही म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं, असं लोक म्हणतील. मासा असू दे. थोडा खाली असू दे. हीच माझी ओवाळणी."

सरांनी नाही म्हटलं, तेही चांगलं आवाज चढवून. नियम सांगितले, मुलांना काय तोंड दाखवू म्हणाले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"शेजाऱ्यांनी पुसले तेव्हा त्यांचं कुणी काही वाकडं केलं नाही. खरं बोलायचा भुर्दंड मी एकटीनेच का भरायचा? तुझी बहीण आहे म्हणून?"

आणि मग त्या रडल्या. सरांना जगातल्या कुठल्याही बिल्डरशी भांडता येत होतं, पण निरांजनाचं तबक हातात घेऊन रडणाऱ्या बहिणीपुढे त्यांचं काही चाललं नाही. जेवण झाल्यावर भर दुपारी, गल्ली सुस्तावलेली असताना, त्यांनी माळ्यावरचा उरलेला डिस्टेंपर काढला आणि छातीजवळच्या माशावर दोन हात मारले. मासा नावासकट गेला. मग ओटल्यावर मांडी घालून त्यांनी पोटरीच्या उंचीला नवा मासा काढला. हात इतका सरावलेला होता की खोटं सांगतानाही रेषा कुठे थरथरली नाही. शेपटीखाली नाव घालायची वेळ आली तेव्हा मात्र ब्रश थांबला. त्यांनी तो टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि पुसून पिशवीत टाकला. नाव घातलं नाही म्हणजे आपण पुरतं खोटं बोललो नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, मोहनाबाईंनी, नखांतला निळा रंग बघितला. "भाऊबिजेला गेला होतात की भिंती रंगवायला?" त्यांनी सहज विचारलं. सर हात धुवायला गेले, ते बराच वेळ हातच धूत बसले.

दीड-दोन महिन्यांनी, थंडीत, ताईंनी निरोप पाठवला की एक जोडपं घर बघायला येतंय, मराठी आहेत, तू ये. सर गेले. फाटक उघडून जी मुलगी आत आली, ती नीरा होती. माशांना पापण्या काढणारी. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा अभिषेक नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात होता. सासरे प्रतापराव, त्यांची उजवी बाजू अर्धांगाने गेलेली, म्हणून जिना नसलेलं घर हवं होतं.

नीराने सरांना वाकून नमस्कार केला आणि उठता उठता तिची नजर भिंतीवर गेली.

"अय्या, सर, मासा! अहो बघा ना, हे आमचे सर, यांनीच आम्हाला घेऊन सगळीकडे काढले होते." ती माशाशेजारी उकिडवी बसली, पोटरीशी हात धरून उंची बघितली. "म्हणजे इथे फारसं नव्हतंच आलं. आमच्या माहेरी तर खिडकीला लागलं होतं. बरोबर ना, सर?"

ताई चहाची कपबशी घेऊन दारातच थांबल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मासा मी काढलाय," ते म्हणाले.

यात खोटं काय होतं? एक अक्षर खोटं नव्हतं. कोर्टात उभं केलं असतं तरी टिकलं असतं. नीरा हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "मग झालं तर. हेच घेऊ या." संक्रांतीनंतर व्यवहार झाला, शालिनीताई पुण्याला नातवाकडे गेल्या, आणि आपलेच मासे पुसून बसलेली गल्ली नव्या माणसांना काही सांगायला गेली नाही.

त्यांनी रेवाकुंजची गल्ली टाळायचं ठरवलं होतं. पण नीरा कसली सोडते! पहिल्या गुढीपाडव्याला जेवायला बोलावलं. प्रतापराव ओटल्यावर खुर्चीत बसले होते. बोलताना जीभ जड व्हायची, पण बोलायची हौस दांडगी.

"या, मासेवाले! तुमचा मासा माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. दोघांनाही हलता येत नाही." आणि मग डाव्या हाताने सरांचा हात धरून, "पेपरात काहीही छापतील, सरकार काहीही सांगेल. माझा भरवसा याच्यावर. याला मत मागायचं नसतं."

सर हसले, आणि हातातली जिलबी त्यांनी परत ताटात ठेवली. त्यानंतर ते वरचेवर जाऊ लागले, दर खेपेला सांगायचंच असं ठरवून. कधी सीताफळं घेऊन गेले, कधी मांडवीजवळून लिलो चेवडो, तिथला तो ओला चिवडा. प्रतापराव खूश व्हायचे, नीरा चहा टाकायची, अभिषेक ड्यूटीवरून आलेला असला तर कारखान्यातल्या गमती सांगायचा. सांगायची वेळ काही यायची नाही. खरं म्हणजे वेळ ढीगभर होती, धीर नव्हता. आज सांगावं तर हे विचारणार, मग त्या दिवशी का नाही बोललात? आणि जितके दिवस जात होते तितका तो प्रश्न जड होत होता.

शाळेत मुलांच्या लक्षात आलं की सर बदलले. मागच्या बाकावरून कुणी विश्वामित्रीचं नाव काढलं, तर सर म्हणायचे, "मडकं काढा. मडक्याकडे लक्ष द्या." मुलांची फार गैरसोय झाली.

दोन हजार पाचच्या जून महिन्याच्या अखेरीस पाऊस लागला तो थांबेचना. सुभानपुऱ्यात सरांच्या गल्लीत पाणी साचलं, पण घराची पायरी चढलं नाही. सकाळी रेडिओवर सांगत होते की नदी फुगली आहे, काठच्या लोकांनी सावध राहावं. सरांनी फोन उचलला आणि नीराला लावला. मोहनाबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या.

"सर? आवाज तुटतोय. हो, रस्त्यावर आलंय पाणी. हे रात्रपाळीला गेले ते नंदेसरीलाच अडकलेत. पण काळजी नका करू, बाबांची खाट मी विटांवर चढवली आहे. माशाच्याही चांगली वर आहे. धनाजीकाका आत्ताच येऊन गेले, दोघे मुलगे घेऊन. म्हणाले, बाबांना उचलून गच्चीवर नेऊ. मी म्हटलं, कशाला, बाबांना पावसात भिजवायचं? शहाण्णवला एवढा मोठा पूर आला तरी इथे पोटरीच्या वर गेलं नव्हतं. काका म्हणत होते, बरंच वर आलं होतं, पण म्हातारपणी सगळं वाढवून आठवतं."

"तरी... नीरा, तरी जरा वर गेलात तर बरं."

ती हसली. "सर! तुमचाच मासा, आणि तुम्हीच घाबरता?"

वाक्य त्यांच्या ओठांवर होतं. तो मासा खोटा आहे. चार शब्द. मोहनाबाईंना नंतर आठवत राहिलं की नवऱ्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांचे ओठ हलत होते. आणि मग त्यांनी म्हटलं, "बरं. जपून राहा." फोन ठेवला. थोड्या वेळाने धीर एकवटून परत लावला, तेव्हा लाइन मेली होती.

त्यानंतर ते लूना काढून निघाले. पुलाच्या अलीकडेच पोलिसांनी अडवलं. पलीकडे रस्ता नव्हताच, नुसतं तांबडं पाणी होतं. सर तिथे छत्रीशिवाय उभे राहिले, लोक हटकेपर्यंत.

रेवाकुंजमध्ये दुपारपर्यंत पाणी खोट्या माशावरून गेलं, खाटेवरून गेलं आणि वर चढतच राहिलं. नीरा सासऱ्यांचं डोकं खांद्यावर धरून छातीभर पाण्यात उभी होती आणि हाका मारत होती. धनाजीरावांचे मुलगे दोर धरून आले तोवर संध्याकाळ झाली. प्रतापरावांना त्यांनी गच्चीवर नेलं. ज्या पावसात सकाळी भिजवायचं नव्हतं, त्याच पावसात म्हातारा रात्रभर प्लॅस्टिकखाली कुडकुडला. पाणी ओसरल्यावर दवाखान्यात नेलं, पण छातीत कफ भरला होता. पंधरवडाही निघाला नाही.

पुण्याहून शालिनीताईंचा फोन आला. "काय रे ऐकते मी बडोद्याचं! बरं झालं बाई, वेळेवर घर विकलं." सरांनी प्रतापराव गेल्याचं सांगितलं. मग ताई म्हणाल्या, "तब्येतीला जप, दामू," आणि फोन ठेवला. पुढच्या भाऊबिजेला त्यांनी बोलावलं नाही आणि सरही गेले नाहीत.

स्मशानात सर मागे उभे राहिले होते. अभिषेकच्या खांद्यावर हात ठेवायलाही पुढे झाले नाहीत. घरी भेटायला जायचं त्यांनी आज-उद्या करत टाळलं. लोक येऊन सांगत, दिघेसर, तुम्ही म्हणत होता तसंच झालं हो, कोतरं बुजवल्याचा परिणाम. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि म्हणाले, पुन्हा मासे काढायला घ्या, तुमच्या कामाची आता खरी गरज आहे. सर म्हणाले, माझे हात दुखतात. खोटंच, पण त्या वर्षातलं सगळ्यात निरुपद्रवी.

तेरावं झाल्यावर नीराचा फोन आला. "सर, एकदा येऊन जाल? रंग घेऊन या."

सरांना वाटलं, मासा वर सरकवायला बोलावते आहे. सबंध वाटेत त्यांनी मनाशी मांडणी केली. खालचा मासा खरवडून काढायचा, भिंत साफ करायची, वर खरा मासा काढायचा. मग निघताना सांगायचं. किंवा आधी सांगायचं आणि मग काढायचा. लूना रेवाकुंजच्या गल्लीत वळली आणि सरांनी ब्रेक दाबला.

गल्लीभर मासे होते. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक दाराशेजारी, एका उंचीला, ओळीने. कुणाची शेपटी अर्धी होती, कुणाच्या डोळ्यावर पांढरा पापुद्रा लटकत होता, पण सगळे होते. पाण्याने वर्षावर्षांचे डिस्टेंपर विरघळवून नेले होते, आणि खालचा ऑइल पेंट जसाच्या तसा उरला होता. पाण्याने न जाणारा रंग वापरा, हे सरांनीच शिकवलं होतं. धनाजीराव आपल्या माशापुढे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सरांकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. धनाजीरावांना वाटलं, सर आता पुन्हा ओरडणार. सरांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

नीरा ओटल्यावर उभी होती. तिच्या दाराशेजारी छातीच्या उंचीला एक मासा होता आणि त्याच्या शेपटीखाली वाचता येत होतं, दामोदर विनायक दिघे. पाण्याची नवी रेघ त्याच्या पाठीला लागून गेली होती. पोटरीच्या उंचीला दुसरा मासा होता, स्वच्छ, तजेलदार. सगळ्या गल्लीत दोन मासे असलेलं हे एकच घर होतं.

"मी आधी विचार केला, आम्ही दवाखान्यात असताना तुम्ही येऊन नवा काढून गेलात," नीरा म्हणाली. "म्हटलं, सर किती तत्पर. मग अंगठ्याने खरवडून बघितलं. वर डिस्टेंपर निघाला."

सर ओटल्याच्या खालीच उभे होते. "नीरा, मी..."

"मी घर बघायला आले तेव्हा विचारलं होतं, मासा बरोबर ना. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"मासा मी काढलाय."

"हं. मी ते 'हो' समजले. खाली नाव नाही हेही दिसलं होतं मला तेव्हाच. वाटलं, बहिणीच्या घरी कशाला घालतील नाव." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. "घराचं जाऊ दे. बहिणीसाठी माणूस करतो. पण त्या सकाळी फोनवर तरी सांगायचं होतं, सर. धनाजीकाका तेव्हा फाटकापर्यंतच गेले होते. मी हाक मारली असती तर परत आले असते."

सर ओटल्यावर बसले, पिशवीतून पत्र्याची पट्टी काढली आणि खालचा मासा खरवडायला वाकले.

"त्याला हात लावू नका," नीरा म्हणाली.

"असं कसं? लोक फसतील, नीरा."

"वरच्याच्या बाजूला साल घाला, शहाण्णव आणि पाच. मग कुणी फसत नाही. पण हा राहू दे. बाबा दोन वर्षं रोज याच्याकडे बघत बसायचे." तिने माशाच्या शेपटीकडे बोट केलं. "याच्याखाली नाव घाला. पूर्ण. तुमचाच नियम आहे."

सरांनी निळ्या रंगाची डबी उघडली. आतून अभिषेक येऊन दारात उभा राहिला. धनाजीराव आपल्या खुर्चीतून उठून फाटकाशी आले होते. सर ओटल्यावर कुशीवर आडवे झाले, कारण इतक्या खाली लिहायला दुसरा मार्गच नव्हता, आणि एकेक अक्षर लिहू लागले. या खेपेला 'दामोदर'मधला पहिलाच 'द' फाटला, तो त्यांनी पुसून परत काढला. लिहून झाल्यावर ते उठले. नीराने पाणी आणून दिलं, ते प्यायले, आणि निघाले. पुन्हा कधी या, असं ती म्हणाली नाही.

तरी ते जातात. दर वर्षी दिवाळीच्या आधी, घरं रंगवायला काढतात त्या दिवसांत, लूनावरून त्या गल्लीत एक फेरी मारतात. कुणाला ओरडत नाहीत. धनाजीरावांनी आपल्या माशाभोवती चौकट आखून घेतली आहे, बाकीची भिंत रंगवतात आणि मासा सोडतात. नीराच्या ओटल्यावर मात्र नवखा माणूस थबकतोच. वर एक मासा, खाली एक, दोन्हीखाली एकच नाव, मग यातला खरा कोणता, असं विचारतो. नीरा वर बोट दाखवते. आणि मग हा दुसरा? असं विचारलं, तर म्हणते, "नाव लिहिलंय ना खाली. त्यांनाच विचारा." पत्ताही देते, सुभानपुऱ्याचा. दोघे-तिघे खरोखर विचारायला आले होते. सरांनी त्यांना आत बसवलं, आणि सांगितलं.